तांबडा रंग फिका कां दिसतो?

घरांतील कोणाच्या डोळ्यांविषयीं शंका आली कीं आपण त्यांस नेत्रवैद्याकडे घेऊन जातों. भिंतीवर लाविलेल्या तक्त्यावरील अक्षरें वाचावयास सांगण्यांत येतें. वरचें मोठें अक्षर, मग त्याहून लहान, असें करीत करीत शेवटची ओळ वाचून झाली कीं ‘डोळे उत्तम आहेत’ असा निर्वाळा मिळतो, आणि घरीं परत आल्यावर त्या निर्वाळ्याविरुद्ध कोणास चकार शब्द काढतां येत नाहीं. हा तक्ता उपयुक्त आहे ह्यांत संशय नाहीं. हॉलंडमधील डॉ. स्नेलेन यांनीं १८६२ सालीं तो सिद्ध केला, आणि दीडशें वर्षांहून अधिक काळ तो व त्याच्या धर्तीवरचे तक्ते जगभर वापरले जात आहेत. परंतु पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळ्या अक्षराचा बारकावा डोळ्यास किती ओळखतां येतो, एवढ्या एकाच गोष्टीचें मोजमाप तो करतो.

दृष्टीचीं अंगें अनेक आहेत. अंधुक प्रकाशांत जिन्याची पायरी ओळखणें, धुरकट रस्त्यावरील धुरकट खड्डा दिसणें, कडेनें येणारें वाहन नजरेच्या टप्प्यांत येणें, आणि रंग त्याच्या पूर्ण तेजानें दिसणें, हीं सारीं निरनिराळीं कामें होत. एखाद्या मनुष्यास तक्त्यावरील शेवटची ओळ बिनचूक वाचतां यावी, आणि तरीही त्याच डोळ्यास करंड्यांतील कुंकू विटक्या गुलाबी रंगाचें दिसावें, असें घडूं शकतें. मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या व्याधींत तें पुष्कळदां घडतें. अशा रोग्याच्या रंगदृष्टीची परीक्षा कशी करितात, तिचा अर्थ कसा लावावयाचा, आणि घरच्या माणसांनीं त्या बाबतींत काय करावें, ह्याचा विचार ह्या महिन्याच्या सदरांत करावयाचा आहे.

व्याधीचें स्वरूप

ह्या रोगाचें पहिलें पद्धतशीर वर्णन पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयांतील डॉ. शार्को यांनीं १८६८ सालीं केलें. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत व मज्जारज्जूंत त्यांस ठिकठिकाणीं घट्ट झालेले चट्टे आढळले. ‘मल्टिपल’ म्हणजे अनेक आणि ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे घट्टपणा. असें हें नांव त्या चट्ट्यांवरून पडलें आहे. आपल्या मज्जातंतूंवर मायेलिन नांवाच्या स्निग्ध पदार्थाचें वेष्टन असतें. विजेच्या तारेवर रबराचें आवरण असतें, त्याची उपमा येथें नेहमीं देतात व ती बरीचशी योग्य आहे. वेष्टन शाबूत असेल तर संदेश वेगानें धांवतो. तें झिजलें कीं संदेश रेंगाळतो, किंवा वाटेंतच नाहींसा होतो. जी शक्ति एरव्हीं रोगजंतूंशीं झुंज देऊन शरीराचें रक्षण करते, तीच ह्या व्याधींत स्वकीयांस परके समजून ह्या वेष्टनावर तुटून पडते. आनुवंशिक कल, एप्स्टाइन-बार नांवाच्या विषाणूचा पूर्वीं झालेला संसर्ग, धूम्रपान अशीं अनेक कारणें मिळून ह्या दिशाभुलीस हातभार लावतात असें दिसून आलें आहे. रोग स्पर्शानें वा सहवासानें पसरत नाहीं.

तो बहुधा वीस ते चाळीस ह्या वयांत प्रकट होतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो. म्हणजे मुलगा नोकरीस नुकता लागलेला असतो, किंवा सून पदरीं तान्हें मूल घेऊन संसारांत रमलेली असते, अशा ऐन उमेदीच्या वयांत तो घाला घालतो. कधीं पायांस मुंग्या येतात, कधीं तोल जातो, कधीं अतोनात थकवा येतो. मग कांहीं आठवड्यांनीं सारें आपोआप निवळतें, आणि घरच्यांस वाटतें कीं आजार नव्हताच.

हा रोग थंड प्रदेशांतील लोकांचा, आपल्याकडे तो होत नाहीं, अशी समजूत पुष्कळ वर्षें रूढ होती. युरोपच्या मानानें येथें त्याचें प्रमाण कमी आहे हें खरें. परंतु मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनीं एका सहकाऱ्यासह मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी करून ती १९९० सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां त्या समाजांत हा रोग चांगलाच आढळतो असें दिसलें. एम्. आर्. आय्. यंत्रें गांवोगांवच्या मोठ्या रुग्णालयांत आल्यापासून इतर समाजांतही त्याचें निदान अधिक होऊं लागलें आहे.

डोळ्याच्या मज्जातंतूवर पहिला घाला

डोळ्याच्या आंतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पडलेल्या चित्राचा संदेश मेंदूकडे नेण्याचें काम दृष्टिमज्जातंतु करतो. त्यांत दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म तंतु एकत्र बांधलेले असतात. हातापायांतील मज्जातंतूंहून तो निराळा आहे. रचनेनें तो मेंदूचाच पुढें आलेला भाग होय, आणि त्याचें वेष्टनही मेंदूंतील वेष्टनाच्या जातीचें आहे. म्हणून मेंदूवर चालून आलेला शत्रु त्यासही सोडीत नाहीं. पुष्कळ रोग्यांत पहिला घाला तेथेंच पडतो. ह्यास ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे दृष्टिमज्जातंतूचा दाह, असें म्हणतात. २०२४ सालीं ह्या रोगाच्या निदानाचे निकष सुधारण्यांत आले, तेव्हां चट्टे शोधावयाच्या ठिकाणांत दृष्टिमज्जातंतूची भर घालण्यांत आली, ह्यावरून त्याचें महत्त्व ध्यानांत यावें.

ह्या दाहाविषयींचें आजचें बरेंचसें ज्ञान अमेरिकेंतील एका मोठ्या अभ्यासावर उभें आहे. १९८८ ते १९९१ ह्या काळांत तेथील १५ केंद्रांनीं मिळून ४५७ रोग्यांस आपल्या देखरेखीखालीं घेतलें आणि पुढें १५ वर्षें त्यांचा मागोवा ठेविला. त्यांचें सरासरी वय ३२ होतें, आणि चारांत तीन ह्या प्रमाणांत त्या स्त्रिया होत्या. शेंकडा ९२ जणांचा डोळा दुखत होता, विशेषतः तो फिरवितांना. दृष्टि बहुधा एकाच डोळ्याची मंदावते. कांहीं दिवसांत ती उतरते, आणि मग कांहीं आठवड्यांत, उपचार होवो वा न होवो, बहुतेकांची पुन्हां सुधारूं लागते. रोगी सांगतो, ‘डोळ्यावर पातळ फडकें टाकल्यासारखें वाटतें.’ दुसरा सांगतो, ‘सारें धुतल्यासारखें दिसतें.’ हें ‘धुतल्यासारखें’ म्हणजेच रंग उडाल्यासारखें दिसणें होय, आणि पुष्कळदां अक्षरें पुन्हां स्वच्छ दिसूं लागल्यावरही तें मागें उरतें.

अक्षरें दिसतात, मग रंग कां हरपतो?

दृष्टिपटलावर शंकूच्या आकाराच्या सूक्ष्म पेशी असतात व त्या तीन जातींच्या असतात. रंग ओळखण्याचें काम त्यांचें आहे. परंतु त्यांपैकीं कोणतीही एक जात एकटीनें रंग सांगूं शकत नाहीं. एका जातीनें किती प्रकाश घेतला आणि दुसरीनें किती, ह्यांतील फरक काढला जातो, व तो फरक मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो. तांबडें कीं हिरवें, निळें कीं पिंवळें, असा हा वजाबाकीचा हिशेब आहे. दोन मोठ्या रकमांतील लहानसा फरक सांगावयाचा असेल तर हिशेब चोख पाहिजे. थोडा घोटाळा झाला तरी उत्तर चुकतें. रंगाचा संदेश असाच नाजूक असतो. उलट, तक्त्यावरील काळें अक्षर आणि पांढरी पाटी ह्यांतील विरोध इतका ठळक कीं कांहीं तंतु कामांतून गेले तरी उरलेले तंतु तें काम निभावून नेतात. शिवाय नजरेच्या मध्यभागाचे, जेथें आपण रंग उत्तम ओळखतों तेथले, तंतु बारीक असून ते ह्या दाहांत सहज सांपडतात.

तंतूचें वेष्टन झिजल्यावर संदेश रेंगाळतो हें केवळ अनुमान नाहीं. लंडनमध्यें हॅलिडे, मॅक्डोनल्ड व मुशिन यांनीं १९७२ सालीं तें मोजून दाखविलें. रोग्यास बुद्धिबळाच्या पटासारखा उलटसुलट होणारा काळापांढरा नक्षा दाखवावयाचा, आणि डोक्याच्या मागील बाजूस लाविलेल्या तारांनीं मेंदूंत उमटणारी विजेची लहर टिपावयाची, अशी त्यांची रीत होती. दाह होऊन गेलेल्या डोळ्याची लहर उशिरां उमटत होती, आणि दृष्टि सुधारल्यावरही हा उशीर बहुधा टिकून राहत होता. अक्षरांचा तक्ता ‘सारें ठीक’ म्हणत असतांही मज्जातंतु आपली जखम बाळगून असतो, ह्याचा हा पुरावा होय.

जन्मजात दोष आणि मागाहून आलेला दोष

रंगदृष्टीच्या परीक्षा मुळांत ह्या रोगासाठीं निघालेल्या नाहींत. परमाणुवादाचे प्रवर्तक जॉन डाल्टन यांनीं आपणांस कांहीं रंग इतरांसारखे दिसत नाहींत ही हकीकत १७९४ सालीं मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढें वाचली, आणि जन्मजात रंगांधत्वाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. पुढें १८७५ सालीं स्वीडनमध्यें लागेरलुंडा येथें रेल्वेचा मोठा अपघात झाला. चालकास सिग्नलचा रंग कळला नसावा असा तर्क उप्साला येथील प्राध्यापक होल्मग्रेन यांनीं केला, आणि रेल्वेच्या नोकरांसाठीं रंगीत लोकरीच्या लडी जुळविण्याची परीक्षा प्रचारांत आणिली. त्या तर्काविषयीं अलीकडील अभ्यासकांनीं शंका घेतली आहे. परंतु परीक्षा रूढ झाली ती झालीच. नंतर जपानचे डॉ. शिनोबु इशिहारा यांनीं १९१७ सालीं ठिपक्यांच्या चित्रांचें तें प्रसिद्ध पुस्तक काढलें, जें आज नेत्रवैद्यांच्या टेबलावर आपणांस दिसतें. रंगीत ठिपक्यांच्या गर्दींत एक आकडा लपविलेला असतो. ज्याची रंगदृष्टि चांगली त्यास तो दिसतो, इतरांस दिसत नाहीं किंवा भलताच दिसतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसचा विचार करतांना दोन प्रकारच्या दोषांत भेद करावा लागतो. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो, जन्मभर बदलत नाहीं, आणि स्त्रियांत क्वचित् आढळतो. ज्यास तो आहे त्यास कित्येकदां त्याचा पत्ताही नसतो, कारण त्यानें दुसरें जग पाहिलेलेंच नसतें. मागाहून आलेला दोष एका डोळ्यांत असतो व दुसऱ्यांत नसतो, किंवा दोहोंत कमीअधिक असतो; तो आज एक तर महिन्यानें दुसरा असा बदलतो; आणि रोग्यास आपलें कांहीं हरवलें आहे हें ठाऊक असतें. पंचवीस-तीस वर्षांची स्त्री ‘उजव्या डोळ्यास तांबडें फिकें दिसतें’ म्हणते, तेव्हां तो जन्मजात दोष असण्याचा संभव जवळजवळ नसतो.

जर्मन नेत्रतज्ज्ञ क्योल्नर यांनीं १९१२ सालीं एक नियम सांगितला: दृष्टिपटलाच्या रोगांत निळ्यापिंवळ्याचा घोटाळा होतो, आणि मज्जातंतूच्या रोगांत तांबड्याहिरव्याचा. विद्यार्थ्यांस हा नियम आजही शिकवितात. परंतु वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासांत दाहाच्या रोग्यांची रंगदृष्टि बारकाईनें मोजली, तेव्हां दोन्ही प्रकारचे दोष आढळले. आणि एकाच रोग्याचा दोष कांहीं महिन्यांत जात बदलतो असेंही दिसलें. ह्यावरून व्यवहाराचा धडा असा निघतो कीं, केवळ तांबड्याहिरव्यासाठीं रचलेल्या परीक्षेवर अवलंबून राहूं नये.

परीक्षा कशी करितात?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी कीं प्रत्येक डोळा वेगळा तपासला पाहिजे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलें तर चांगला डोळा आजारी डोळ्याचें उणें झांकून टाकतो, आणि परीक्षा फुकट जाते. रोग्याचा वाचनाचा चष्मा असेल तर तो लावावयाचा. रंगीत कांचांचा मात्र नव्हे. उजेड दिवसाच्या स्वच्छ प्रकाशासारखा हवा. पिंवळसर दिव्याखालीं रंगच बदलतात. इशिहारा यांचें पुस्तक सुमारें ७५ सेंटिमीटर अंतरावर धरावयाचें आणि प्रत्येक चित्रास तीनच सेकंद द्यावयाचे; विचार करून, तर्क लढवून सांगितलेलें उत्तर कामाचें नाहीं. पहिल्या चित्रांतील १२ हा आकडा रंगांध मनुष्यासही दिसावा असा काढलेला असतो. तोच दिसला नाहीं तर प्रश्न रंगाचा नसून एकंदर दृष्टीचा आहे असें समजावें. मग उजव्या डोळ्यानें किती चित्रें ओळखलीं आणि डाव्यानें किती, हें वेगवेगळें लिहून ठेवितात. ह्या दोन आकड्यांतील तफावत हाच निकालाचा गाभा होय.

इशिहारा यांच्या पुस्तकांत निळ्यापिंवळ्याची चित्रें नाहींत. ती उणीव हार्डी, रँड व रिटलर ह्या तिघां अमेरिकन संशोधकांच्या १९५५ सालच्या पुस्तकानें भरून काढली. त्यांत आकड्यांऐवजीं वर्तुळ, त्रिकोण व फुली अशा आकृति असतात, आणि दोष किती तीव्र आहे ह्याचाही अंदाज येतो. आकडे न वाचतां येणाऱ्या आजीबाईंसही ती परीक्षा देतां येते.

ह्याहून बारीक परीक्षा अमेरिकेचे डीन फार्न्सवर्थ यांनीं १९४३ सालीं काढली. तिचें नांव ‘शंभर छटांची’ असें असलें तरी तींत रंगीत चकत्या ८५ असतात. त्या चार पेट्यांत ठेविलेल्या असतात. प्रत्येक पेटींतील चकत्या विस्कटून देतात व इंद्रधनुष्यांत रंग एकांतून दुसऱ्यांत मिसळत जातो तशा त्या लावावयास सांगतात. भरतकाम करणाऱ्या स्त्रिया रेशमाच्या लडी फिक्यापासून गडदापर्यंत लावतात, तसलेंच हें काम आहे. चकती आपल्या जागेपासून जितकी दूर गेली तितके दोषांक वाढतात. ह्या परीक्षेस वेळ फार लागतो, रोगी थकतो, आणि वयपरत्वें दोषांक सर्वांचेच वाढतात. म्हणून ती विशेष प्रसंगीं व संशोधनांतच अधिक वापरतात. रोजच्या कामासाठीं त्याच गृहस्थांची १५ चकत्यांची छोटी परीक्षा आहे, परंतु ती सौम्य दोष सोडून देते.

ह्या सर्वांहून साधी अशी एक रीत आहे, व तिला यंत्र लागत नाहीं. डॉक्टर औषधाच्या बाटलीचें तांबडें टोपण हातांत धरतात, रोग्यास आधीं एका डोळ्यानें व मग दुसऱ्यानें पाहावयास सांगतात, आणि विचारतात, ‘ह्या डोळ्यास हा तांबडा सोळा आणे वाटत असेल, तर त्या डोळ्यास किती आणे?’ कोणी म्हणतो, ‘बारा’. कोणी म्हणतो, ‘आठच’. कोणास तो विटकरी दिसतो, कोणास गुलाबी. अशा उत्तरास शास्त्रीय मापाची काटेकोर किंमत नाहीं, तरी दोन डोळ्यांतील भेद उघडकीस आणण्याचें काम तें चोख करतें.

निकालाचा अर्थ

येथें वाचकांनीं दोन्ही बाजूंच्या अतिरेकापासून सावध राहिलें पाहिजे. रंग फिका दिसला म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला असें मुळींच नाहीं. क्षयावर देण्यांत येणाऱ्या एथँब्युटॉल ह्या औषधानें कांहीं रोग्यांच्या दृष्टिमज्जातंतूस इजा होते व रंगज्ञान मंदावतें. म्हणून तें औषध चालू असतां डोळे तपासून घ्यावे लागतात. ब-१२ ह्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेंही मज्जातंतु दुबळा होतो, आणि तें जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नसल्यामुळें, ज्या शाकाहारी घरांत दूधदुभतेंही बेताचेंच घेतलें जातें त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. वृद्धांच्या मोतीबिंदूनें निळे रंग मळके दिसतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नांवाची एक वेगळी व्याधि ह्या रोगासारखीच भासते. तिची ओळख पटविणारा रक्तांतील घटक २००४ सालीं सांपडला, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचीं कांहीं औषधें तिच्यांत अपाय करितात असें दिसून आलें. तेव्हां रंगाची परीक्षा ही केवळ दार ठोठावणारी आहे. आंत कोण आहे हें पाहण्यासाठीं एम्. आर्. आय्., रक्ताच्या तपासण्या, आणि दृष्टिपटलाच्या थरांची जाडी मोजणारें ओ. सी. टी. यंत्र ह्यांची मदत लागते.

उलट, परीक्षेंत दोष आढळला असतां ‘होईल बरें’ म्हणून स्वस्थ बसणेंही योग्य नाहीं. त्या ४५७ रोग्यांपैकीं सुमारें निम्म्यांस १५ वर्षांच्या अवधींत मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. ज्यांच्या मेंदूच्या चित्रांत आरंभीं एकही चट्टा नव्हता त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. ज्यांच्या चित्रांत एक वा अधिक चट्टे होते त्यांच्यांत तें शेंकडा ७२ होतें. म्हणजे निम्म्यांस भीति निराधार ठरली, आणि निम्म्यांस वेळीं मिळालेली सूचना मोलाची ठरण्यासारखी होती. रोग समूळ नाहींसा करणारें औषध नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु १९९३ पासून एकामागून एक अशीं औषधें आलीं आहेत कीं जीं पुढचे घाले कमी करितात, आणि तीं लवकर सुरू केल्यास अधिक लाभ होतो.

त्या अभ्यासानें आणखी एक गोष्ट शिकविली, व ती आपल्याकडे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शिरेंतून मोठ्या मात्रेनें दिलेल्या स्टेरॉइडनें दृष्टि लवकर सुधारली, परंतु अखेरीस मिळालेल्या दृष्टींत फारसा फरक पडला नाहीं. साध्या मात्रेंत नुसत्या प्रेड्निसोनच्या गोळ्या ज्यांस दिल्या त्यांच्यांत मात्र दाह पुन्हां उलटण्याचें प्रमाण वाढलें. म्हणून शेजारच्या कोणास गुण आला, किंवा मागच्या खेपेच्या गोळ्या कपाटांत उरल्या आहेत, एवढ्यावरून डोळ्याच्या दुखण्यावर त्या घेणें हें घातक साहस होय.

ऊन, शेगडी आणि संशय

जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ऊट्होफ यांनीं १८९० सालीं एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली. ह्या रोग्यांची दृष्टि श्रम केल्यावर मंदावते व विसांवा घेतल्यावर पूर्ववत् होते. पुढें कळलें कीं ह्याचें मूळ शरीराची उष्णता वाढण्यांत आहे. वेष्टन झिजलेला तंतु थोड्याशा उष्णतेनेंही संदेश नेण्यास असमर्थ होतो. ऊन पाण्याचें स्नान, ताप, भर दुपारचें ऊन, दोन तास शेगडीपुढें उभें राहणें, ह्यांपैकीं कशानेंही तें घडतें. रोग वाढला असा ह्याचा अर्थ नव्हे. अंग निवलें कीं दृष्टि परत येते. म्हणून रंगाची परीक्षाही रोगी विसांवलेला असतां घ्यावी, आणि पुढच्या वेळीं तशाच स्थितींत घ्यावी, म्हणजे दोन निकालांची तुलना न्याय्य होईल.

परंतु एकत्र कुटुंबांत ह्याच गोष्टीनें केवढा अनर्थ होतो! सणावाराचा स्वयंपाक आहे. सून म्हणते, ‘माझ्या डोळ्यांपुढें धुकें आलें, थोडी बसतें.’ अर्ध्या घटकेनें ती पंख्याखालीं ताजीतवानी दिसते. तक्त्यावरील ओळ तिनें गेल्याच आठवड्यांत सबंध वाचलेली असते. मग घरांत कुजबूज सुरू होते कीं हें दुखणें कामाच्या वेळींच बरें येतें. बोलणाऱ्यांच्या मनांत दुष्टपणा असतो असें नाहीं. त्यांच्यापाशीं पुरावा नसतो इतकेंच. रंगाची परीक्षा हा पुरावा कांहीं अंशीं पुरविते. एका डोळ्यानें पंधरापैकीं चौदा चित्रें आणि दुसऱ्यानें सहा, असा आकडा कागदावर उमटला म्हणजे जें दुःख इतके दिवस केवळ तोंडच्या शब्दावर उभें होतें त्यास आधार मिळतो. तरीही आमचें म्हणणें असें कीं घरच्या माणसांनीं कागदाची वाट पाहूं नये. वेदना व दृष्टि ह्या ज्याच्या त्यासच ठाऊक असतात, आणि जें आपणांस दिसत नाहीं तें दुसऱ्यासही नाहीं असें मानण्याचा अधिकार वडीलधारेपणानें येत नाहीं.

घरच्यांनीं काय करावें?

तरुण वयांतील कोणी एका डोळ्यास रंग उडालेले दिसतात, डोळा फिरवितांना दुखतो, किंवा नजर दोनचार दिवसांत मंदावली असें म्हणेल, तर त्यास नेत्रवैद्याकडे त्याच दिवशीं वा दुसऱ्या दिवशीं न्यावें. नव्या चष्म्याची वाट पाहूं नये. घरीं एक डोळा झांकून जास्वंदीचें फूल पाहिलें व मग दुसरा झांकून पाहिलें, तर भेद कळूं शकेल. तो कळला तर तें डॉक्टरांकडे जाण्यास कारण समजावें, आणि न कळला तरी तक्रार असतां जाणें टाळूं नये. डॉक्टरांकडे गेल्यावर, ‘प्रत्येक डोळ्याचें रंगज्ञान वेगळें तपासलें का?’ असें नम्रपणें विचारावयास हरकत नाहीं. निकालाचे कागद जपून ठेवावे, कारण ह्या रोगांत आजच्या आकड्याची खरी किंमत पुढच्या वर्षीं कळते. पूर्वीं डोळ्याचा दाह न झालेल्या रोग्यांतही रंगदृष्टि मंदावलेली आढळते, म्हणून निदान झालेल्या प्रत्येकानें ती वेळोवेळीं तपासून घ्यावी.

निदान झालेंच तर तें लपवूं नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट नामनिर्देश आहे. ज्यांस पुरेसें अपंगत्व आलें असेल त्यांनीं प्रमाणपत्र घेऊन त्या सवलतींचा लाभ घेण्यांत कमीपणा कांहीं नाहीं. घरांत काम वांटून द्यावें, भट्टीपुढचें काम दुसऱ्यानें करावें, दुपारीं अर्धा तास विसांवा हा औषधाचाच भाग समजावा. लग्नाच्या वा वंशाच्या चिंतेनें मुलीचा आजार झांकून ठेवणें म्हणजे तिच्या उपचाराचे पहिले, सर्वांत मोलाचे महिने वाया घालविणें होय.

करंड्यांतील कुंकू सर्वांस लाल दिसतें, आणि घरांतील एकीस तें फिकें दिसतें. अशा वेळीं ‘तें लालच आहे’ असें तिला पटवून देण्यांत कांहीं हंशील नाहीं. तिला कसें दिसतें तें विचारावें, तें शब्दशः लिहून घ्यावें, आणि तो कागद घेऊन तिच्यासह डॉक्टरांकडे जावें.